समुद्राकडचा पॉवर सप्लाय

पिवळा. हिरवा नव्हे, तांबडा तर नव्हेच – पिवळा. आणि तोही असा लबाड की मान जरा तिरपी केली तर हिरव्याकडे झुकल्यासारखा वाटावा, सरळ केली की पुन्हा आपला पिवळाच... मसुरीच्या दाण्याएवढा तो दिवा, आणि त्याच्यासमोर मर्व्ह पास्को, वय एकसष्ट, गेली दहा मिनिटं मान तिरपी-सरळ करत उभा. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारा कपाटाबरोबर नाचतोय. पण पाहणार कोण? खोलीला खिडकी नव्हती. चार काँक्रीटच्या भिंती, एक जाड दार, सतत गार हवा फेकणारं एक यंत्र आणि ओळीने उभी राखाडी कपाटं. त्यांतलं हे मधलं – सबंध कारखान्याच्या सुरक्षेचं.

या कपाटाला अमोनिया बनवता येत नाही, विकता येत नाही, त्याला काहीच येत नाही. त्याला फक्त बंद करता येतं. कुठे दाब वाढला, कुठे आच वाढली, की क्षणात सगळं बंद. आणि ते जागं राहावं म्हणून त्याच्या पोटात दोन पॉवर सप्लाय, शेजारी शेजारी, पावाच्या लादीच्या आकाराचे दोन मॉड्यूल. एक आजारी पडला तर दुसऱ्याने एकट्याने ओढायचं. दोन्ही गेले तर कपाट मरतं – आणि मरताना ते कोणाला विचारत बसत नाही. गॅस बंद, भट्टी बंद, उरलेला वायू उंच चिमणीच्या टोकाला जाळून टाकायचा, चार दिवस कारखाना थंड, आणि क्विनानापासून रॉकिंगहॅमपर्यंतच्या प्रत्येक घरातून लोक बोट दाखवून म्हणणार... काय म्हणणार ते मर्व्हला चांगलं ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ते म्हणून झालं होतं.

दिवा शनिवारी पिवळा झाला. नवा मॉड्यूल काल विमानाने आला. आज मंगळवार, आज तो बदलायचा, कारखाना चालू असताना. त्यासाठी तर दोन ठेवलेत. ज्याच्याकडे या कामाचं सर्टिफिकेट होतं असा दुसरा माणूस बायकामुलांना घेऊन बालीला गेला होता आणि तिथून समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वतःच्या पायांचे फोटो पाठवत होता. उरला मर्व्ह.

सकाळी ग्लेनिसने टोस्टवर व्हेजिमाइट फासता फासता विचारलं होतं, “आज काही विशेष?”

“एक पॉवर सप्लाय बदलायचाय.”

टोस्टवरची सुरी थांबली होती. तीस वर्षांच्या संसारात ग्लेनिसला त्याच्या धंद्यातले दोनच शब्द पाठ झाले होते, आणि दुर्दैवाने हेच ते. “तोच?” तिने विचारलं.

“तसलाच.”

“सावकाश कर रे,” ती म्हणाली, आणि मग, जणू स्वतःशीच, “फ्रीजरमध्ये मटण आहे. घरचे दिवे गेले तर...”

“घरचे दिवे त्या वेळीही गेले नव्हते, ग्लेनिस!”

नव्हतेच गेले. हे तो एकोणीस वर्षं सांगत आला होता. गावात एकही बल्ब विझला नव्हता, उलट चिमणीच्या ज्वाळेने आकाश उजळलं होतं, भरदुपारी सावल्या पडल्या होत्या – आणि तरी त्याचं नाव पडलं ब्लॅकआउट. ब्लॅकआउट मर्व्ह. नाव ठेवणाऱ्याला विज्ञान कुठे विचारता? दर ख्रिसमसच्या जेवणात त्याला भेट म्हणून टॉर्च मिळायचा. अकरा टॉर्च जमले होते घरी, कारण आठ वर्षं लोक विसरले. आणि ज्या वर्षी विसरले त्या वर्षी त्याला बरं वाटायच्या ऐवजी किंचित... नाही, तो विचार नको. त्यांतलाच एक टॉर्च आत्ता त्याच्या खिशात होता. चांगला होता. उगाच का टाकायचा?

दार उघडलं आणि अँटन व्हिडोविच आत आला, हातात परवान्याचे चौदा कागद. अँटन पाळीचा प्रमुख. वय तेहेतीस, नारिंगी शर्टाला इस्त्री. नारिंगी शर्टाला इस्त्री करणारा माणूस मर्व्हने आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

“झोप लागली का रात्री?” अँटनने विचारलं.

“तुला?”

“मला नाही लागली.” अँटन प्रामाणिक होता, हा त्याचा दोष होता. “मर्व्ह, तुला सांगितलंय की नाही कधी? त्या दिवशी मी नववीत होतो. बाईंनी भूगोलाचा तास थांबवला आणि आम्हाला मैदानावर नेऊन तुझी ज्वाळा दाखवली.”

“माझी नव्हती ती.”

“आम्ही चित्रं काढली होती. माझं अजून आईकडे आहे.”

मर्व्हने कागद ओढून घेतले. सहाव्या पानावर छापलं होतं: काय चुकू शकतं? खाली तीन ओळी मोकळ्या. त्याने विचार केला, पहिल्या ओळीवर लिहिलं ‘मी’, मग ते खोडून ‘चुकीचा स्विच पडणे’ असं लिहिलं. अँटनने खोडलेलं वाचलं आणि छताकडे पाहिलं; चांगल्या घरचा होता.

“कंट्रोल रूमच्या पॅनेलवर आज कोण आहे?” मर्व्हने शक्य तितक्या सहज विचारलं. त्याला माहीत होतं. सकाळी गाडी लावताना तिची निळी गाडी त्याने पाहिली होती, जशी एकोणीस वर्षं रोज न पाहिल्यासारखी पाहत होता.

“विल्मा,” अँटन म्हणाला, आणि कागदांत बघत, घाईघाईने, “तिचा शुक्रवारी शेवटचा दिवस. ऑल्बनीला चाललीय कायमची, बहिणीकडे. तुला माहीत असेलच.”

माहीत होतं. केकसाठी फिरलेल्या पाकिटात त्यानेही नोट टाकली होती, पाकिटाकडे न बघता.

विल्मा हूक्स्ट्रा. लहानपणी आईबापांबरोबर बोटीतून हॉलंडहून आलेली, सहा फुटी, आवाज असा की जेटीवर हाक मारली तर जहाजावरचा माणूस वळून पाहील. एके काळी मर्व्हची गाडी बंद पडली की तीच त्याला घरून घेऊन यायची, वाटेत पेट्रोलपंपावर थांबून दोघांसाठी आइस्ड कॉफीचे दोन खोके घ्यायची, आणि फुटबॉलवरून कारखान्याच्या फाटकापर्यंत भांडायची... एके काळी. मग तो दिवस आला.

काय झालं होतं? सरळ आहे. मी मागे, ती पुढे. मॉड्यूलचे दिवे कपाटाच्या पुढच्या बाजूला, त्यांचे स्विच मागच्या बाजूला – ज्या इंजिनिअरने हे रचलं त्याचं लग्न टिकलं नसणार. एक मॉड्यूल मेलेला. मी मागून विचारलं, “कुठला?” ती पुढून म्हणाली, “डावा.” मी डावा पाडला. माझा डावा. तिचा डावा म्हणजे माझा उजवा, हे तिला कळायला नको? समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना मिळून एक डावा नसतो! कोणाचा डावा, विल्मा? कोणाचा?... हे भाषण त्याने एकोणीस वर्षं घासूनपुसून लखलखीत केलं होतं. आंघोळ करताना केलं होतं, लाल सिग्नलला केलं होतं, एकदा तर सासऱ्यांच्या अंत्यविधीला चर्चच्या बाकावर बसून मनातल्या मनात सबंध केलं होतं आणि शेवटच्या वाक्याला त्याने नकळत बाकावर मूठ आपटली होती. लोकांना वाटलं, जावयाचा फार जीव होता.

त्या दिवशी आधी नुसता पंख्यांचा आवाज गेला होता. मग कारखान्याचा. वर्षानुवर्षं जो आवाज कानांना ऐकूच येत नव्हता तो थांबल्यावर कळलं की तो होता... आणि त्या शांततेत कपाटाच्या पलीकडून विल्माचा एकच शब्द आला होता, डच भाषेतला. त्याचा अर्थ कोणी त्याला सांगितला नाही आणि त्याने विचारला नाही.

चौकशीला मेलबर्नहून तीन माणसं आली. मर्व्ह म्हणाला, ती डावा म्हणाली, मी डावा पाडला. विल्मा म्हणाली, मी डावा म्हणाले आणि डावाच मेलेला होता. तिघांनी दोघांचं बरोबर म्हणून लिहून घेतलं आणि अहवालात ठरवलं की दोघांमध्ये ‘संवादाचा अभाव’ होता. तोवर तसा तो नव्हता. अहवालानंतर झाला. कामापुरतं बोलणं – वॉल्व्ह उघडला, वॉल्व्ह मिटला – त्यापलीकडे एक अक्षर नाही. ती मायक्रोवेव्हकडे तोंड करून जेवायची, तो फ्रीजकडे.

आणि अहवालामुळे दुसरी एक गोष्ट झाली: कारखान्यात डावा आणि उजवा या शब्दांना बंदी आली. जे काही जोडीने असेल ते यापुढे ‘समुद्राकडचं’ आणि ‘रस्त्याकडचं’. समुद्र काही उठून जात नाही, असं त्या तिघांतला सर्वांत म्हातारा म्हणाला होता.

“तर मग,” अँटन म्हणाला, “स्क्रीनवर काय येतंय बघ: समुद्राकडचा पॉवर सप्लाय, इशारा. समुद्राकडचा काढायचा. बरोबर?”

मर्व्हने पिवळ्या दिव्याच्या खालची पट्टी पाहिली. मग वाकला, चष्मा कपाळावर चढवला, आणि पुन्हा पाहिली.

“अँटन, या पिवळ्यावर ‘रस्ता’ लिहिलंय.”

अँटनही वाकला. दोघं बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले, जणू जास्त वेळ पाहिलं तर ती शरमून बदलेल.

मग मर्व्हच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. चार वर्षांपूर्वी ही कपाटं जुन्या खोलीतून इथे, नव्या खोलीत आणली. आणताना हे कपाट फिरलं. पूर्वी त्याचं तोंड उत्तरेला होतं, आता... आता कुठे आहे? कुणीतरी शहाण्याने ‘समुद्र आता इकडे आला’ म्हणून पुढच्या पट्ट्या बदलल्या असणार. मागच्या बदलल्या का? स्क्रीनवरची नावं बदलली का? देव जाणे, आणि देव ठेकेदाराच्या कागदांवर सह्या करत नाही.

“मुळात समुद्र कुठे आहे?” मर्व्हने विचारलं.

अँटनने एका भिंतीकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्या. “थांब. मी दारातून... जिना चढताना आपण एकदा वळतो ना... की दोनदा?”

भिंतीवर फोन होता, लांब गुंडाळीच्या वायरचा. उघड्या कपाटाजवळ वॉकीटॉकी वापरायला मनाई, म्हणून. मर्व्हने रिसीव्हर उचलला, आणि उचलल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. कंट्रोल रूम. म्हणजे ती. आणि हा प्रश्न – हा वॉल्व्हचा प्रश्न नव्हता. त्याने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

“कंट्रोल,” तिचा आवाज.

“विल्मा. मर्व्ह बोलतोय. समुद्र कुठे आहे?”

एकोणीस वर्षांतला पहिला बिनकामाचा प्रश्न, आणि तो हा.

“होता तिथेच आहे, मर्व्ह,” विल्मा म्हणाली. “मी आत्ताच जेटीच्या कॅमेऱ्यावर पाहिला. का, तुला कोणी काही वेगळं सांगितलं?”

“या खोलीतून कुठल्या बाजूला?”

“मी पॅनेल सोडून यायचं का बघायला?”

“नको! अँटन जाईल.”

अँटन गेला. जाड दार त्याने खुर्ची लावून उघडं ठेवलं, जिन्यावरून उतरला, बाहेर जाऊन समुद्राकडे तोंड केलं, आणि मग ती दिशा हरवू नये म्हणून दोन्ही हात ताठ पुढे धरून, झोपेत चालणाऱ्या माणसासारखा, मागे मागे पावलं टाकत वर येऊ लागला. वळणावर त्याचे हात भिंतीला आपटले. वाटेत नळजोडणीवाले दोघं भेटले, ते आदराने भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटी तो खोलीच्या मधोमध येऊन थांबला, हात पसरून, घामेजून, आणि त्याची बोटं बरोबर कपाटाच्या... पाठीकडे होती.

“समुद्र मागे आहे,” अँटन म्हणाला. “म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच बाजूला नाही.”

“काय म्हणाला?” फोनमध्ये विल्मा.

“म्हणाला, समुद्र मागे आहे.”

आणि तेव्हा तारेवरून एक आवाज आला जो मर्व्हने फार वर्षांत ऐकला नव्हता. कूकाबरा पक्ष्याने पहाटे छपरावर बसून सुरू करावं तसं, आधी अडखळत आणि मग न थांबणारं – विल्मा हसत होती. त्या हसण्याने त्याच्या आत कुठेतरी काहीतरी कुशीवर वळलं. जुनं काहीतरी, जागा बदलून झोपलेलं. पण आत्ता वेळ नव्हता.

“पट्ट्या गेल्या खड्ड्यात,” तो म्हणाला. “मी वायर धरून जातो.”

खरं तर एवढंच करायचं असतं. मागचं दार उघडायचं, टॉर्च तोंडात धरायचा – अकरांतला एक, लाळेची चव रबरी – आणि स्विचपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत, एकेक चिमटा मोजत, मॉड्यूलपर्यंत जायचं. नावं खोटं बोलतात, वायर बोलतच नाही. तो गुडघ्यांवर बसला. डावा गुडघा कटकन वाजला. हो, डावा, माझा डावा, लिहून घ्या मेलबर्नला! वीस मिनिटं लागली. एकदा शिंक आली ती त्याने टॉर्च चावून परतवली. मग चिमटा मीटर लावून प्रवाह पाहिला: एका वायरीत भरपूर, दुसरीत नाममात्र. नाममात्रवाली पिवळ्याची. वायर तेच म्हणत होती, मीटर तेच म्हणत होता. उजव्या हाताचा स्विच. पुन्हा पहिल्यापासून चाचपलं. तोच.

“अँटन, पुढे उभा राहा. मी पाडला की कुठला विझला ते सांग. डावा-उजवा म्हणू नकोस, समुद्र-रस्ता म्हणू नकोस. पिवळा की हिरवा, एवढंच.”

“पिवळा की हिरवा,” अँटनने पाठ केलं.

फोनचा रिसीव्हर मर्व्हने खांद्यात धरला. “विल्मा, पाडतोय.”

“पाड.”

बोट स्विचवर. आणि बोट खाली जाईना. हसू नका, एकोणीस वर्षं रोज रात्री जे बोट स्वप्नात खाली गेलं ते आज जागेपणी जाईना. बरोबर असल्याची खात्री त्या वेळीही होती की! खात्री तीच, बोट तेच, फक्त सुरकुत्या वाढलेल्या... कारखाना बाहेर घरघरत होता, आणि आज तो आवाज त्याला ऐकू येत होता, एकेक पंप वेगळा, जणू सगळे श्वास रोखून धरायच्या आधी मोठ्याने श्वास घेत होते.

“मर्व्ह?” फोनमध्ये ती, खालच्या आवाजात. “झालं नाही तर नाही. उद्या करू.”

उद्या करू म्हणे! त्याने स्विच पाडला.

खट्.

पंखे फिरत राहिले.

“पिवळा!” अँटन ओरडला. “पिवळा विझला! हिरवा हिरवा आहे!”

“बोंबलू नकोस,” मर्व्ह म्हणाला. पुढे येऊन त्याने चार स्क्रू सोडवले, जुना मॉड्यूल बाहेर ओढला – कोमट होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखा – नवा आत सरकवला, स्क्रू आवळले, मागे जाऊन स्विच चढवला. झालं. नवा मॉड्यूल आता दीड मिनिट स्वतःलाच तपासणार, आणि पसंत पडला तर हिरवा होणार. दीड मिनिट काहीही करायचं नसतं. अँटन तेवढ्यात कागद आणायला बाहेर गेला. दीड मिनिट काही न करणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मर्व्ह कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसला, रिसीव्हर कानाला.

“तपासतोय,” तो म्हणाला.

“दिसतंय.” मग थोड्या वेळाने: “मर्व्ह, शुक्रवारी मी जाणार. केक असेल, अँटन भाषण करेल, तेव्हा काही बोलता येणार नाही. म्हणून आत्ता सांगते.”

“काय?”

“त्या दिवशी तू मागे आहेस हे मला माहीत होतं.”

मर्व्हने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

“म्हणजे आवाजावरून नव्हे. कपाटाखालून तुझे बूट दिसत होते. तुझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी मनात म्हटलं, याला सांगायला हवं, डाव्या बुटाची नाडी सुटलीय, पडेल हा. म्हणजे बघ – तुझा डावा कुठला ते मला माहीत होतं. आणि तरी मी माझा डावा म्हणाले. दोन सेकंदांत. मेलबर्नवाल्यांनी बुटांचं विचारलंच नाही, म्हणून मी सांगितलं नाही. नंतर तू इतका चिडलेला होतास की मला वाटलं, तुला माहीतच आहे.”

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं ज्या कबुलीसाठी भाषण घासलं ती ही, फुकट, न मागता, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या कानात, एखाद्या वॉल्व्हची खबर द्यावी तशी. जिंकलो. मी जिंकलो, ग्लेनिस! आता उठून कूच करावं, सगळ्या कारखान्याला... आणि मर्व्ह वाट पाहू लागला, आनंद येण्याची, जशी मॉड्यूल हिरवा होण्याची पाहतात तशी. पण आनंदाच्या ऐवजी मघाशी कुशीवर वळलेलं ते जुनं काहीतरी उठलं आणि आपले डोळे चोळून सरळ मर्व्हकडे पाहू लागलं.

त्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात या कपाटांचा वर्ग होता. वीस माणसं, विल्मा मागच्या रांगेत. मर्व्हने हात वर करून विचारलं होतं, दोन्ही पॉवर सप्लाय एकदम गेले तर ते कळवणारा दिवा कुठला लागेल? आणि शिकवणाऱ्याने तोंड उघडायच्या आत मागून विल्मा म्हणाली होती, “मेणबत्ती, मर्व्ह!” – आणि ते हसणं. कूकाबराचं. मग वीसच्या वीस. शिकवणारासुद्धा. मर्व्हही हसला होता, सर्वांत मोठ्याने, कान लाल होईपर्यंत. आणि घरी जाताना तिच्या गाडीत बसून आइस्ड कॉफी ओढता ओढता त्याने ठरवलं होतं की या बाईच्या देखत आपण पुन्हा कधीही प्रश्न विचारायचा नाही.

आणि आठवड्याने, कपाटाच्या मागे, “डावा” ऐकल्यावर... मी थांबलो होतो. हे कोणालाच माहीत नाही. बोट स्विचवर ठेवून मी थांबलो होतो, कारण प्रश्न आला होता, पूर्ण वाक्य होऊन, जिभेच्या टोकावर: तुझा डावा की माझा? चार शब्द. आणि मला ते हसणं ऐकू आलं, अजून न हसलेलं. म्हणून मी प्रश्न गिळला. विचारलं नाही. पाडला. चार दिवसांचा अमोनिया, अख्ख्या शाळेची चित्रं, मेलबर्नची तीन माणसं – एका मेणबत्तीला भिऊन. ज्या प्रश्नाने नंतर मी तिला एकोणीस वर्षं झोडपलं तो प्रश्न वेळेवर माझ्याच तोंडात होता!

ती तर ते विसरलीसुद्धा असेल. एक फालतू विनोद. दिवसाला असे दहा करायची.

“मर्व्ह? आहेस का?”

“आहे.”

“काही म्हणायचंय का तुला?”

तिच्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना विनवणी. बाजूला कुठेतरी चमचा कपावर वाजला. म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, ‘विल्मा, मला पण’ असं सुरू होणारं. त्याने तोंड उघडलं. घरघरणारा कारखाना, पंखे, तारेतला तिचा श्वास – सगळं त्या उघड्या तोंडाची वाट पाहत थांबल्यासारखं.

“हिरवा झाला,” मर्व्ह म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “इथेही दिसला.” आणि थोडं थांबून तिने फोन ठेवला.

अँटन कागद घेऊन परत आला, दोन्ही हिरवे दिवे पाहिले, आणि मर्व्हचा हात धरून इतका वेळ हलवत राहिला की शेवटी मर्व्हनेच तो सोडवून घेतला. पुढच्या तासात ही बातमी कारखानाभर पसरली नाही. पसरण्यासारखं काही झालंच नव्हतं. नळजोडणीवाले विचारत होते ते फक्त एवढंच की अँटन हात पसरून कुठे चालला होता, त्याला बरं आहे ना.

साडेतीनला पाळी सुटली तेव्हा समुद्रावरचा वारा जोरात सुटला होता, गाड्यांच्या तळावरची करडी वाळू घोट्यांना टोचत होती, आणि दिव्याच्या खांबावर बसून पांढरे काकाकुवे कोणाची तरी केबल सोलत होते. मर्व्ह गाडीत बसला. किल्ली लावली, फिरवली नाही. दिवसाच्या या वेळेला, निळी गाडी निघताना, त्याचं भाषण सुरू व्हायचं, आपोआप, जवळजवळ घरी पोचेपर्यंत पुरणारं. त्याने सवयीने आत हात घातला – कोणाचा डावा, विल्मा? – आणि हाताला काहीच लागलं नाही. अठरा किलोमीटरचा रस्ता पुढे होता आणि मनात बोलायला एक शब्द नव्हता.

ती फाटकातून येत होती. डब्याची पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने वाऱ्यात उडणारे पांढरे केस धरलेले – केस पांढरे कधी झाले हिचे? – आणि चालताना ती एका पायावर जरा दबून चालत होती. केव्हापासून, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण एकोणीस वर्षं त्याने तिच्याकडे पाहिलं होतं ते न पाहण्यासाठीच. सहा फुटांची बाई वाऱ्यात तिरपी होऊन चालली होती आणि काहीतरी आठवून स्वतःशीच हसत होती. अँटनला आठवून, बहुधा.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्याने मनात नवं भाषण जुळवून पाहिलं. पहिल्या खेपेला ते ‘चूक तुझीच होती, पण’ असं सुरू झालं. ते टाकलं. दुसऱ्या खेपेला ‘चूक दोघांची होती’ असं. ऐकायला बरं, पण मेलबर्नसारखं. तिसऱ्या खेपेला मेणबत्तीपासून सुरू करावं म्हटलं, तर आपण हे तिला सांगतोय आणि ती ऐकून घेतेय आणि मग, अर्थात, हसतेय, असं सगळं दिसू लागलं. ते हसणं सबंध तळावर घुमतंय, काकाकुवे उडताहेत... आणि कान गरम झाले, अगदी त्या दिवसासारखे. एकसष्टाव्या वर्षी. घाबरायला काय झालं? हसेल. हसू दे. हसली तर काय, कारखाना बंद पडणार आहे?

तिची गाडी त्याच्या समोरून जाताना तिने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. रोज उचलायची का? कदाचित रोज उचलायची. मर्व्हनेही उचलली, उशिरा, तिची गाडी वळल्यावर; आणि मग त्या उचललेल्या दोन बोटांकडे पाहत तो तसाच बसून राहिला. इतकी वर्षं तिच्यावर रागावणं किती सोपं होतं, घर किती लवकर यायचं – आणि आता ही भीती, ताजी, गार, आणि तिच्यात वाटेकरी कोणी नाही. तरीसुद्धा, का कोण जाणे, त्याला भूक लागली होती, आणि आइस्ड कॉफी प्यावीशी वाटत होती.